मोटरसायकलचे टायर घेताना आपणही बघावं!

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, काठ निरखतो, रंग जाईल का म्हणून चार वेळा विचारतो. तुरीची डाळसुद्धा मूठभर तळहातावर घेऊन पारखतो. मग ज्या वस्तूवर घरातल्या माणसांचा जीव अक्षरशः टेकलेला असतो, तिच्या खरेदीच्या वेळी ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून आपण बाजूला का बरं होतो? मी बोलतेय मोटरसायकलच्या टायरांबद्दल. हसू नका! यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही बघा. कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हाती आता पल्सर किंवा यामाहाच्या आर-१५ सारख्या वेगवान गाड्या आहेत. त्याच गाडीवर मागे बसून आपण बाजारात, माहेरी, लग्नाकार्याला जातो. आणि एवढी मोठी गाडी जमिनीला टेकते ती दर चाकाला जेमतेम तळहाताएवढ्या रबरावर.

हवेचा टायर खऱ्या अर्थाने वापरात आला तोही एका मुलामुळेच. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली. मुलाला धक्के बसू नयेत, एवढाच हेतू! तेव्हा या विषयात आयांनी लक्ष घातलं तर काही बिघडत नाही.

टायर कधी बदलावा?

टायर अगदी गोटा होईपर्यंत वापरणं म्हणजे काटकसर नव्हे. टायरच्या खाचांमध्ये तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. ते नेमके कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. झिजता झिजता टायरचा वरचा भाग या उंचवट्यांशी समपातळीत आला, की टायर संपला असं समजावं. दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, असं मोटार वाहन नियमच सांगतात. पण ही झाली शेवटची मर्यादा. खाचा उथळ झाल्या की ओल्या रस्त्यावरचं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही आणि चाक पाण्यावरून घसरतं. म्हणून टायर बदलायला आलाच असेल, तर मृग लागायच्या आत बदलून टाकावा.

टायरच्या बाजूला भेगा पडल्या, कुठे फुगा आला, तर खाचा कितीही छान असोत, टायर बदलायलाच हवा. पंक्चर बाजूच्या भिंतीला असेल तर ते जोडून वापरू नये. आणि सरळ हमरस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचा टायर मध्येच झिजून चपटा होतो. मग वळणावर गाडी झुकवताना अडखळल्यासारखी वाटते. मुलगा ‘गाडी वळताना कशीतरीच होते’ म्हणाला, तर आधी टायर बघायला सांगा.

ते आकडे म्हणजे काय?

नव्या आर-१५ च्या मागच्या टायरवर ‘१४०/७० आर १७’ आणि पुढे ‘६६ एस’ असं लिहिलेलं असतं. शाळेतला शेकडेवारीचा धडा आठवा. १४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल जातीचा. १७ म्हणजे रिमचं माप इंचांत. ६६ हा वजनाचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ टायर ३०० किलोपर्यंत भार पेलतो. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. (तेवढ्या वेगाने जावं असं नव्हे, बरं का!) नवा टायर घेताना माप तेच हवं. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिल्यापेक्षा कमी नको. आणि जिथे रेडियल होता तिथे रेडियलच बसवावा.

रुंद टायरचा मोह

मुलांना मागचा टायर जाडजूड हवा असतो. गाडी ‘भारी’ दिसते ना! आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाला जुन्या पल्सरचा १२० चा टायर काढून १४० चा घालायचा होता. मेकॅनिक म्हणाला, ‘बसेल, पण साडीगार्ड काढावं लागेल.’ वहिनींनी शांतपणे विचारलं, “मग मी कुठे बसायचं रे?” मुलाने मुकाट्याने १२० चाच घेतला.

वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर होता. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, असा नियमच आहे. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर घातला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर पकड वाढण्याऐवजी कमीच होते. टायर साखळीला घासू शकतो. वजन वाढतं, पेट्रोल जास्त जातं. एवढं सगळं कशासाठी, तर दिसण्यासाठी!

आपल्या रस्त्यांना कोणता बरा?

मऊ रबराचा टायर रस्ता छान धरतो, पण लवकर झिजतो. कडक रबराचा जास्त टिकतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड थोडी कमी. शर्यतीसाठी केलेले जवळजवळ गुळगुळीत टायर तर घ्यायचेच नाहीत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि पावसात त्यांचा भरवसा नाही.

आपल्या जिल्ह्यात तुळजापूर–नागपूर महामार्ग गुळगुळीत असला, तरी गावाकडे वळलं की रस्ता बदलतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा गारा डांबरावर येतो आणि साबणासारखा निसरडा होतो. अशा गाऱ्यावर कुठलाच टायर जादू करीत नाही. वेग कमी करणं हाच उपाय. पण ज्यांना रोज शेताकडे किंवा खेड्यातल्या नोकरीवर जायचंय, त्यांनी खोल आणि भरपूर खाचांचा टायर घ्यावा. बाभळीचे काटे तर आपल्या पाचवीलाच पुजलेले! रिम ट्यूबलेसचं असेल तर टायरही ट्यूबलेसच घ्यावा. काटा रुतला तरी त्याची हवा बहुधा हळूहळू जाते आणि गाडी सावरायला वेळ मिळतो.

दुकानात गेल्यावर

सिएट, एमआरएफ, टीव्हीएस, अपोलो अशी नावं पुष्कळ. आपल्या जवळच बुटीबोरीला सिएटचा दुचाकीच्या टायरांचा कारखाना आहे. पण नावाइतकीच तारीखही बघा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. ‘१४२५’ असेल तर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर न वापरताही म्हातारं होतं, कडक होतं. त्यातून यवतमाळचा उन्हाळा! दुकानासमोर महिनोन्‌महिने उन्हात टांगलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तो बिलावर बघून घ्या. ट्यूबलेस टायर बसवताना व्हॉल्व्हही नवा टाकायला सांगा. तिथे थोडक्यासाठी कंजूषपणा नको. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पुढच्या दिशेने आहे ना, हे दुकानातच बघावं.

बसवल्यानंतर

कोरा टायर वरून तुळतुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी बेताने चालवायची. एकदम ब्रेक नाही, फार झुकवणं नाही. हे मुलाला आधीच बजावा, कारण नवा टायर घातला की लगेच मित्रांना दाखवायची घाई असते.

हवा दर आठवड्याला, सकाळी टायर थंड असताना तपासावी. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा बहुधा जास्त असतो. आपल्याकडे एक समजूत आहे, की उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी. हे उलटं आहे! हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबून दबून आणखी तापतो, आणि फुटण्याचा धोका तिथेच वाढतो.

तेव्हा पुढच्या वेळी टायर घ्यायला निघालात की तुम्हीही सोबत जा. गाडीचं माप, तारखेचा शिक्का, बाण आणि साडीगार्ड, या चार गोष्टी बघायला पाच मिनिटं पुरतात. आणि दुकानदाराने ‘बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?’ असा चेहरा केलाच, तर त्या शिक्क्यावरचे चार आकडे त्याला वाचून दाखवा!