जिप्सी उचलताय? आधी पाटे बघा

जुनी जिप्सी हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती इंच लिफ्ट करू?" मंडळी, लिफ्टने फक्त चासी आणि बॉडी वर जाते. दगडाला घासतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो वर उचलायचा तर टायरच मोठे हवेत.

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास साधारण ६६८ मिमी. २१५/७५ आर१५ घातला की व्यास ७०४ च्या आसपास जातो, म्हणजे डिफरन्शियल जेमतेम १८ मिमी वर. किरकोळ वाटेल, पण चाकोरीत अडकल्यावर त्याची किंमत कळते. स्पीडोमीटर मात्र पाचेक टक्के कमी दाखवणार. थेट २३५/७५ वर उडी मारलीत तर बिचारं १.३ लिटरचं इंजिन घाटात धापा टाकतं.

लिफ्टचं म्हणाल, तर आधी बसलेले पाटे बदला. गाडी आपसूक वर येते. स्वस्तातल्या लांब शॅकलचा मला तिटकारा आहे: ॲक्सलचा कोन बिघडतो, स्टीअरिंग भरकटतं. जास्त उचललीत तर ब्रेक होजही ताणला जातो, तोही तपासा.

आणि हो, आरसीतल्या नोंदींशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. गॅरेजआधी आरटीओत विचारा.