नव्या युटची पिरपिर



गेल्या महिन्यात नवी युट (म्हणजे आपला पिकअप हो) घेतली. वॉलॉंगॉंगहून निघून बुली पास चढेपर्यंत बया सारखी केकाटते. शाळेजवळची ४०ची मर्यादा सकाळी ८ ते ९:३० आणि दुपारी २:३० ते ४, तीही शाळेच्या दिवशीच. पण कॅमेरा पाटी वाचतो, घड्याळ बघत नाही. रविवारीही बोंब! मेनूत शिरून तो इशारा बंद केला, तर इंजिन पुन्हा सुरू केलं की हजर.

लेन असिस्ट वळणांवर स्टिअरिंग ओढायचा, तो 'कमी'वर ठेवला. इथवर ठीक. पण ट्रेलर जोडला की मागचे सेन्सर टूंटूं करतात, म्हणून तेही गप्प केले. आणि विसरलो. शनिवारी ड्राइव्हवेतून गाडी मागे घेताना बायको किंचाळली, "अहो, थांबा!" शेजाऱ्यांचा नातू, तीनचाकीसकट, मागच्या चाकापासून हातभर अंतरावर.

सेन्सर तिथल्या तिथे चालू केले. आपोआप लागणाऱ्या ब्रेकला मी हात लावलेला नाही. मार्च २०२५ पासून इथे नव्या हलक्या गाड्यांना तो सक्तीचाच आहे.

ट्रेलरचा प्लग लावला की सेन्सर आपोआप गप्प, काढला की चालू, अशी वायरिंग कुणी करून घेतली आहे का? खर्च किती आला?