खाटेपासून खिडकीपर्यंत

विरार पूर्वेच्या चंदनसार भागात वैद्यकीय व्यवसाय करताना ज्येष्ठांच्या तोंडून तीन तक्रारी वारंवार ऐकू येतात : रात्री झोप लागत नाही, उठताना तोल जातो आणि कशात जीव रमत नाही. तिन्हींसाठी गोळीची मागणी होते आणि काही वेळा ती द्यावीही लागते. परंतु घरची चौकशी केली की कारणाचा मोठा वाटा खोलीच्या मांडणीत आणि घराच्या दिनक्रमात आढळतो.

येथील अनेक ज्येष्ठांचे अर्धे आयुष्य अंगण, ओटी आणि पडवी असलेल्या घरांत गेले आहे. ओटीवर नुसते बसले तरी कोवळे ऊन, मोकळा वारा आणि येणारा-जाणारा माणूस भेटत असे. आज तेच आजी-आजोबा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील लहान सदनिकेत राहतात. मुलगा-सून पहाटेची लोकल पकडतात, रात्री नऊला परततात. मग जेवण आणि दूरदर्शन. आजींची खाट नेमकी त्याच दिवाणखान्यात असते. त्यांच्या वाट्याला दिवसा अंधार येतो आणि रात्री झगझगाट. यात दोष कोणाचाच नाही. मात्र थोडा बदल शक्य आहे.

दिवसा उजेड, रात्री काळोख

आपल्या मेंदूतील जैविक घड्याळ प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर चालते. बाहेर दिवसा दहा हजार लक्स किंवा त्याहून अधिक प्रकाश असतो. घरातील खोलीत तो बहुधा काही शेच असतो. त्यातच वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान होते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणजे ज्यांना अधिक उजेड हवा, तेच सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेले असतात.

आपल्याकडील खिडक्यांच्या जाळीत जुने डबे, कुंड्या, बादल्या आणि वाळत घातलेले कपडे दाटीने असतात. एक खिडकी पूर्ण मोकळी करा. डासांसाठी बारीक जाळी बसवा आणि तिच्याजवळ हातांची, पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवा. सकाळचा चहा व वर्तमानपत्र तेथेच होऊ द्या. दिसण्याजोगे झाड नसेल, तर तुळशीची कुंडी नजरेच्या टप्प्यात असावी. रात्री ठरावीक वेळेनंतर मोठे दिवे मालवावेत. खाट आतल्या खोलीत हलवणे शक्य नसेल, तर निदान तिच्याभोवती जाड पडदा लावावा आणि आवाज कमी करावा.

हिरवळीचे महत्त्व केवळ कविकल्पना नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता. तरीही रुग्णालयांच्या रचनेचा विचार करणाऱ्यांनी तो गांभीर्याने घेतला.

रात्रीची दहा पावले

खाटेपासून स्वच्छतागृहापर्यंतची दहा पावले ही ज्येष्ठांच्या घरातील सर्वांत धोक्याची वाट. त्या वाटेवर खुब्याचे हाड मोडले, तर स्वतःच्या पायांवर हिंडणारा माणूस कायमचा परावलंबी होऊ शकतो. म्हणून सैल पायपुसणे, लोंबणाऱ्या वायरी आणि चपलांचा ढीग आजच हलवा. वाटेत जमिनीलगत मंद, पिवळसर दिवा असावा. न्हाणीघरात घसरणार नाही अशी चटई आणि शौचकुपाशेजारी भिंतीत घट्ट बसवलेली दांडी हवी. टॉवेल टांगायची दांडी माणसाचा भार पेलत नाही. खाटेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. पावसाळ्यात दमट हवेने फरशीला ओल सुटते, तेव्हा अधिक जपावे.

उठण्याची रीतही महत्त्वाची. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर तो दोष मानला जातो. अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी कुशीवर वळावे, मग बसावे, पाय हलवावेत, मिनिटभर थांबावे आणि आधार धरून उभे राहावे. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांमुळे तोल जाऊ शकतो. त्या परस्पर बंद करू नयेत; सर्व गोळ्या घेऊन डॉक्टरांना भेटावे.

सजगता घरच्या घरी

उठताना मिनिटभर थांबणे हीही सजगताच आहे. हातातल्या एका कृतीकडे पूर्ण लक्ष देणे, इतकाच तिचा साधा अर्थ. इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’ केंद्रात १९७६पासून विपश्यना शिकवली जाते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे जुनाट वेदना व ताण असलेल्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारित आठवडेवारी कार्यक्रम सुरू केला. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी मांडी घालून बसण्याचा हट्ट धरू नये. खिडकीजवळच्या खुर्चीत दहा मिनिटे श्वासाचे येणे-जाणे पाहावे. मन भरकटले की न रागावता परत आणावे. मटार सोलणे, वाती वळणे, कुंडीला पाणी घालणे ही कामेही अशीच, एका वेळी एक, करता येतात. मात्र दोन आठवडे सतत उदासी, भूक मंदावणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असतील, तर सजगतेवर विसंबू नये, उपचार घ्यावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

सेवा करणारी व्यक्ती बहुधा घरातील सून, लेक किंवा स्वतः सत्तरीला टेकलेली पत्नी असते. तिलाही बसायला एक जागा आणि दिवसातून अर्धा तास निवांतपणा हवा. तो कोणी द्यायचा, हे घराने बोलून ठरवावे. ‘मिळाला तर घेईन’ म्हटले की तो कधीच मिळत नाही.

एक सूचना शेवटी. बदल करण्यापूर्वी ज्येष्ठांना विचारा. येत्या रविवारी त्यांच्या खाटेवर पाच मिनिटे आडवे होऊन पाहा : डोळ्यांत दिवा येतो का, पाण्याचा तांब्या हाताशी आहे का, आकाश दिसते का? विस्मरणाचा त्रास असलेल्यांच्या खोलीतील ओळखीची पेटी, तसबीर, घड्याळ जागेवरून हलवू नका. त्या वस्तूंच्या आधारे ते आपले घर ओळखत असतात.