पदवीच्या अभ्यासातील परशाखीय विषय

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या अभ्यासपत्रिकेत दुसऱ्याच शाखेचा एखादा प्रास्ताविक विषय दिसला, म्हणजे पुष्कळ शेतकरी बंधू त्यास व्यर्थ भार समजतात. आमच्या मते ही समजूत बरोबर नव्हे.

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून आपल्या प्रांती पदवीच्या विद्यार्थ्यास अन्य शाखेतील ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. व्याख्यानांच्या एका श्रेयांकास १५ तास, दोहोंस ३० तास. एवढ्याने कोणी पंडित होत नाही. परंतु दृष्टी येते.

भूशास्त्राचा आरंभ केलेला मुलगा जाणतो की, दख्खनच्या सलग काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. सबब शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी लागले एवढ्यावरून तो कूपनलिकेसाठी कर्ज काढणार नाही. आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असलेल्यास कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा रंग विषाची उतरती तीव्रता दर्शवितो हे ठाऊक असते. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येत नाही. भाषा व इतिहास यांच्या ओघात मोडी शिकावयास मिळाली, तर जमिनीचे जुने कागद वाचण्यास परक्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

विषयांची यादी महाविद्यालयागणिक भिन्न असते. ती मुलासह बसून वाचावी, आणि गुण कशात सहज मिळतील याबरोबरच आपल्या शिवारास काय उपयोगी पडेल, हेही पाहावे.