छोट्या जीपमध्ये मोठं इंजिन

आपल्या जिप्सीची चुलत बहीण म्हणजे सुझुकी सामुराई. 1985 च्या शेवटी ती अमेरिकेत विकायला आली. इंजिन 1.3 लिटरचं, ताकद जेमतेम साठ-पासष्ट हॉर्सपॉवर. चिखलात ती हलकीफुलकी असल्यामुळे चालून जायची, पण हायवेच्या चढावर मागच्या ट्रकलाही रस्ता द्यावा लागे! त्यामुळे तिथल्या हौशी मंडळींनी सुझुकीच्याच साइडकिक या गाडीचं 1.6 लिटरचं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन तिच्यात बसवायला सुरुवात केली.

हेच इंजिन का? कारण ते त्याच घराण्यातलं, म्हणून सामुराईच्या मूळ गिअरबॉक्सला जोडता येतं. परक्या कंपनीचं इंजिन घेतलं की मधे अडॅप्टर प्लेट आली, आणि खर्च तिथूनच फुगतो. अर्थात इथेही इंजिनाचं माउंटिंग बदलावं लागतं. खरी डोकेदुखी वायरिंगची. साइडकिकचं इंजिन फ्युएल इंजेक्शनचं, तर सुरुवातीच्या सामुराईला कार्बोरेटर. म्हणजे कॉम्प्युटर, सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप हे सगळं बिऱ्हाड सोबत आणायचं. शिवाय रेडिएटर आणि ब्रेक तपासायलाच हवेत. वेग वाढवला आणि थांबायची सोय जुनीच ठेवली, तर काय उपयोग?

मात्र वेग नको, दगडधोंड्यांतून हळू चढायचं असेल, तर माझ्या मते इंजिनाच्या आधी पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे गिअर बदलावेत.

भारतात जिप्सीवर हा प्रयोग करायचा असेल, तर इंजिन उतरवण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या.