स्वदेशगमन आणि भेदक लक्षणांची अदलाबदल : बेने इस्रायल समाजाचे उदाहरण

स्वदेशी परतून नव्या घरात स्थिरावण्याच्या प्रक्रियेचा विचार बहुधा निवारा, रोजगार आणि कायदा या अंगांनी केला जातो. या प्रक्रियेला भाषेचेही एक अंग आहे आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. मनुष्य एका समाजातून दुसऱ्या समाजात गेला, म्हणजे त्याच्या नावाचा, बोलीचा आणि आचाराचा अर्थ पूर्वीचाच राहत नाही. कोकणातून इस्रायलमध्ये गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या उदाहरणावरून या बदलाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम कोकणातील स्थिती पाहू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या नावाची रचना लक्षणीय आहे. 'तेली' हे पद त्यांना गावातील इतर व्यावसायिकांच्या पंक्तीस बसविते, तर 'शनवार' हे पद त्यांना सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांपासून निराळे करते. म्हणजेच शनिवारचा विसावा हे त्यांचे भेदक लक्षण होते. घराच्या चौकटीवरील 'मेझूझा', म्हणजे धर्मवचने लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी, हेही असेच लक्षण होय. उलट मराठी भाषा, स्त्रियांची लुगडी, पेणकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर यांसारखी ग्रामनामांवरून आलेली आडनावे यांत भेदक असे काहीच नव्हते. ती सर्वांचीच होती. धर्माचरणातही मराठीने स्थान मिळविले होते. वल्हांडणाच्या सणाला वाचावयाच्या 'हगादा' या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत निघाली आणि १८८०च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. मुंबईत १७९६ मध्ये, तर ठाण्यात १८७९ मध्ये या समाजाची प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

१९४८ मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाले आणि १९५० मध्ये तेथील विधिमंडळाने परतण्याच्या हक्काचा कायदा संमत केला. तेथे स्थायिक होण्यास हिब्रूमध्ये 'अलिया', म्हणजे चढणे, व तेथून निघून जाण्यास 'येरिदा', म्हणजे उतरणे, असे म्हणतात. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून नाणेघाटाने जुन्नरकडे जाणाराही घाट चढतो आणि 'देशावर' जातो. परंतु ती चढण केवळ भूगोलाची आहे, तिच्यात पुण्य नाही. हिब्रू शब्दातील चढण मात्र मूल्यवाचक आहे. जो गेला तो वर गेला, आणि जो परतला तो उतरला, असा निवाडा त्या शब्दांतच सामावलेला आहे.

या निवाड्याची कसोटी लवकरच लागली. काटकसरीचा आणि शिधावाटपाचा तो काळ होता. नव्याने येणाऱ्यांची वस्ती तात्पुरत्या छावण्यांतून होई. काम व घर देण्यात रंगावरून भेद केला जातो, अशी तक्रार करून बेने इस्रायलांपैकी काहींनी १९५१ मध्ये तेल अवीव येथे धरणे धरले व आपणास भारतात परत पाठवावे अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक भारतात आलेही. पण त्यांपैकी बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा प्रकट केली. मराठीत 'परत' या क्रियाविशेषणाला अशी अट आहे की, कर्त्याचे त्या स्थळाशी पूर्वीचे नाते असावे. येथे दोन्ही प्रवासांना 'परत' हा शब्द यथार्थपणे लागतो. एका प्रवासाचा कर्ता व्यक्ती आहे, दुसऱ्याचा कर्ता पिढ्यान्पिढ्यांचा समाज. व्यक्तीची स्मृती आणि समाजाची स्मृती यांच्या दिशा परस्परविरुद्ध होत्या, हेच त्या लोकांच्या ओढाताणीचे मूळ म्हणता येईल.

याहून कठीण प्रसंग पुढे आला. १९६१-६२च्या सुमारास तेथील मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदविताना बेने इस्रायलांच्या पूर्वजांची विशेष चौकशी करण्याविषयी सूचना दिल्या. ज्या धर्मामुळे कोकणात हे लोक निराळे ओळखले जात होते, त्याच धर्माविषयी स्वदेशात शंका घेतली गेली. त्याविरुद्ध दीर्घ आंदोलन झाले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये, हा समाज सर्वार्थाने यहुदी आहे व त्याचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत, असे विधिमंडळाने जाहीर केले आणि त्यानंतर धर्मपीठाच्या सूचनांतून या समाजाचा नामनिर्देश वगळण्यात आला. कायद्याने दार १९५० मध्ये उघडले होते; घरचा माणूस म्हणून स्वीकार होण्यास आणखी चौदा वर्षे लागली.

दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद आदी नगरांतून हा समाज स्थिरावला, तेव्हा लक्षणांची अदलाबदल पूर्ण झाली होती. शनिवार आता सर्वांचाच विसाव्याचा दिवस होता आणि मेझूझा प्रत्येक चौकटीवर होता. म्हणून त्यांचे भेदक कार्य संपले. त्यांच्या जागी, कोकणात सामान्य असलेल्या गोष्टी भेदक बनल्या. '-कर' हा प्रत्यय कोकणात एका गावचा मनुष्य दुसऱ्या गावच्या मनुष्यापासून वेगळा दाखवी. इस्रायलमध्ये पेणकर व रोहेकर यांतील भेद गौण ठरून तोच प्रत्यय दोघांचेही मराठीपण दाखवू लागला. प्रत्ययाचे रूप तेच राहिले, कार्य बदलले. एलियाहू प्रेषिताच्या नावाने गोड पोहे, खोबरे व फळे मांडून केला जाणारा मलिद्याचा विधीही तेथे या समाजाची खूण ठरला. तेथे जन्मलेल्या पिढ्यांची व्यवहारभाषा हिब्रू झाली. तथापि १९८०च्या दशकात तेथे निघालेल्या मराठी नियतकालिकाने 'मायबोली' हेच नाव घेतले. भारत मातृभूमी व इस्रायल पितृभूमी, असे या समाजात म्हटले जाते, त्याच्याशी हे नाव सुसंगत आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. स्वदेशगमनाने वेगळेपण नाहीसे होत नाही. ते एका लक्षणावरून दुसऱ्या लक्षणावर सरकते. परतलेला मनुष्य नव्या घरात केव्हा स्थिरावला, हे घराच्या ताब्याच्या तारखेवरून ठरविता येणार नाही. जुन्या घरी जे सहज होते ते नव्या घरी त्याची ओळख म्हणून, परंतु त्याच्याविषयीची शंका म्हणून नव्हे, स्वीकारले गेले, म्हणजे तो स्थिरावला असे समजावे. बेने इस्रायलांच्या बाबतीत दारावरील पाटीवरचा '-कर' हा या स्वीकाराचा सर्वांत साधा पुरावा होय.