गेटवरचे मेजर आणि घाडगेंचं घड्याळ!

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला धापा टाकत पोचलात आणि गेटवर करडी हाक आली, 'आयकार्ड!' पाठ ताठ, मिशी टोकदार, बूट चकाचक. ओळखलंत? हे आपले मेजर! हुद्दा नाईक असो की हवालदार, गावाकडे रिटायर्ड फौजी म्हणजे मेजरच. अशांना काम मिळवून देणारी राज्य सरकारची 'मेस्को' नावाची कंपनीच आहे, माहीत आहे का?

जेन-झी मंडळी, डबा घेऊन त्यांच्याजवळ बसा. कंटेंट फुल्ल लोडेड! ट्रेलर घ्या.

इटलीत एक घड्याळ मराठी माणसाच्या नावानं चालतं, माहीत आहे का? तेही विनाबॅटरी! माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, वय 22. 10 जुलै 1944, टायबरचं खोरं. शत्रूच्या मशीनगननं तुकडी आडवी केली, उरले एकटे घाडगे. ग्रेनेड फेकला, टॉमीगन चालवली. मॅगझिन बदलायला वेळ कुठला? बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं लोळवलं! लगेच त्यांनाही गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये माँटोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ बसलं. ऊन म्हणजे खरं तर सोलापूरचा कॉपीराइट, पण चालतंय!

1948, राजौरीचा रस्ता, खाली सुरुंग. कारवारकडचे रामा राघोबा राणे चक्क रणगाड्याखालून सरपटत निघाले. ड्रायव्हरला इशारे द्यायला हातात दोन दोऱ्या. गूगल मॅप गेला उडत! परमवीर चक्र मिळालं, तेही जिवंतपणी.

इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आर्मीतले बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी. मग थेट पाण्यात! 1972, हायडेलबर्ग: 50 मीटर, 37.33 सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. त्यांच्यावरचा सिनेमा 'चंदू चॅम्पियन' आला 2024 मध्ये. रिअलचं रील व्हायला 52 वर्षं!

सोलापूरचे डॉ. कोटणीस तर 1938 मध्ये चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेले. स्मारक गावातच आहे, रविवारी मॉलऐवजी तिकडे वळा की.

पणजोबा महायुद्धातून परतलेच नाहीत? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव फुकट शोधता येतं, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त स्पेलिंग ब्रिटिशांचं, 'शोलापूर' टाका!

मेजरांना मात्र तीनच प्रश्न: पलटण कुठली, पोस्टिंग कुठं, लंगरात काय मिळायचं? परवानगी घ्या आणि रेकॉर्ड दाबा. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, त्याच्या आत एक तरी क्लिप झालीच पाहिजे!